विरळ हवेचे अभ्यासक केलास
लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे अलेक्झांडर केलास (१८६८-१९२१) सुट्टी मिळाली की सिक्कीम गाठत. शेर्पांसोबत त्यांनी झेमू हिमनदीचा परिसर पालथा घातला. १९११ मध्ये ७,१२८ मीटर उंचीचे पौहुनरी सर केले. उंचीवर हवेचा दाब घटतो, रक्ताला प्राणवायू कमी पडतो. पण हळूहळू चढल्यास शरीर सरावते. त्यामुळे उत्तम प्रकृतीचा माणूस कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्ट चढेल, असे त्यांनी मांडले. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत मात्र आमांशाने खंगलेले केलास तिबेटात वाटेतच वारले. १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर यांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. उंचावर जाताना शरीराला सवड द्या. आजारी असाल तर थांबा.