न थकणाऱ्या पेशी आणि परळची लॅब

घाटकोपर-मुलुंडहून स्लो लोकलने टाऊनकडे जाताना परळ लागतं. टाटा हॉस्पिटलमुळे हे नाव ऐकलं तरी पोटात गोळा येतो. याच परळमध्ये एका बाईंनी जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत वाढवायची लॅब उभी केली. त्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. लग्न केलं ते गणितवाल्या जे. टी. रणदिव्यांशी आणि डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. मग फेलोशिपवर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये गेल्या.

गाय यांचं नाव ज्यामुळे झालं, ती गोष्ट १९५१ ची. हेन्रिएटा लॅक्स या पेशंटच्या ट्यूमरमधल्या पेशी, तिला न विचारताच घेतलेल्या, त्यांच्या लॅबमध्ये वाढतच राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी गेली. पेशी आजही वाढतायत!

असं का? पदराचे दोरे उसवू नयेत म्हणून टोकाला गाठी मारतात ना, तशी आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. पेशी दुभंगली की दरवेळी ती थोडी झिजतात. साधारण पन्नास वेळा झालं की पेशी थांबते. हे तिचं म्हातारपण, पण कॅन्सरविरुद्धचा ब्रेकही हाच. बहुतेक कॅन्सर टेलोमरेज नावाचं एन्झाइम पुन्हा सुरू करतात, झिजलेली टोकं भरून काढतात आणि ब्रेक निकामी करतात.

हे एन्झाइम सापडलं १९८४ मध्ये. कमलताई मात्र त्याच्या कितीतरी आधी भारतात परतल्या होत्या. साठच्या दशकात इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोन्सशी आणि व्हायरसशी काय संबंध आहे, हे त्यांनी शोधलं. विज्ञानातल्या बायकांच्या अडचणी दिसत होत्याच. म्हणून १९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

२००१ मध्ये त्या गेल्या. टेलोमिअरच्या शोधाला नोबेल मिळालं २००९ मध्ये. ते त्यांनी पाहिलं नाही. पण पेशी का थकते आणि कॅन्सरची पेशी का थकत नाही, हा प्रश्न विचारायला आधी हाताशी जिवंत पेशी लागते. ती सोय त्यांनी इथे, परळमध्ये करून ठेवली.