होमी भाभा: कोऱ्या बोर्डात पहिला कोड टाकणारा माणूस

फोनचं पॉवर बटण दाबल्यावर आधी कंपनीचा लोगो येतो आणि मग अँड्रॉइड. त्या लोगोच्या मागे एक साखळी चालू असते. प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला छोटा कोड आधी जागा होतो. तो स्टोरेजमधून पहिला बूटलोडर उचलतो, पहिला बूटलोडर दुसऱ्याला उचलतो आणि दुसरा लिनक्सच्या कर्नलला. प्रत्येकाचं काम एकच: आपल्यापेक्षा मोठ्याला उभं करायचं आणि बाजूला व्हायचं.

आता पनवेलच्या एखाद्या इंजिनीअरिंगच्या पोराने लॅमिंग्टन रोडवरून एनआरएफ५२८४० चिपचा कोरा बोर्ड आणला असं समजा. यूएसबी लावली तर काय होईल? काहीच नाही. चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअर आहे, पण ते चालवणारा कोड नाही. कोड टाकायचा तर यूएसबी हवी, यूएसबी चालायला कोड हवा. अंडं आधी की कोंबडी?

ही गाठ सोडवतो हार्डवेअर डीबगर. जे-लिंकसारखी एक डबी घ्यायची. तिच्यातून डेटाची एक वायर, क्लॉकची एक, ग्राउंडची एक आणि व्होल्टेज कळण्यासाठी एक, अशा चार वायर बोर्डाला जोडायच्या. डीबगर प्रोसेसरला थांबवतो, थेट फ्लॅश मेमरीपर्यंत पोहोचतो आणि बूटलोडर तिथे लिहून ठेवतो. यासाठी बोर्डावर आधीपासून कोड चालू असावा लागत नाही. एकदा हे झालं की पुढचे प्रोग्राम साध्या यूएसबी केबलने जातात.

म्हणजे पहिला धक्का बाहेरून द्यावाच लागतो. पण तो असा द्यायचा की पुन्हा बाहेरच्याची गरज पडू नये. ही गोष्ट आपल्याकडे ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कळली, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ. पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडली की वाशीनंतर खाडीचा पूल लागतो. तिथून डावीकडे ट्रॉम्बेच्या टेकड्या आहेत. त्यांच्या कुशीतल्या केंद्राला याच माणसाचं नाव आहे: डॉ. होमी जहांगीर भाभा.

इंजिनीअर व्हायला गेले, पण...

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील वकील. आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. शाळा कॅथीड्रल, कॉलेज एल्फिन्स्टन, नंतर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. घरच्यांचा प्लॅन सरळ होता: मुलाने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं.

१९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, पण मन रमलं फिजिक्समध्ये. त्यांनी वडिलांना तसं कळवलं. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनीअरिंग फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग गणित आणि फिजिक्ससाठी पैसे देतो. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास काढला आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर काय होतं याचं गणित त्यांनी मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला.

तिशीच्या आत युरोपात नाव झालं होतं. आयुष्य तिथेच जाणार असं दिसत होतं.

सुट्टीवर आले आणि अडकले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद. मग ते बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या विभागात रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बेंगळुरूत त्यांना आपला बोर्ड किती कोरा आहे ते दिसलं. हुशार पोरं होती, पण मूलभूत फिजिक्सच्या संशोधनासाठी जगाच्या तोडीची संस्था नव्हती. संस्था नाही म्हणून माणसं तयार होत नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून संस्था उभी राहत नाही. यूएसबी आणि कोडची तीच गाठ.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संस्थेसाठी पैसे मागितले. त्यात त्यांनी अणुऊर्जेचाही विचार मांडला. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी अणुवीज बनवायची वेळ येईल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, असा त्याचा आशय होता. तेव्हा हिरोशिमा व्हायला वर्षाहून जास्त अवधी होता. अणूतून वीज काढता येते हे जगाने अजून पाहिलंही नव्हतं.

ट्रस्टने हो म्हटलं. १ जून १९४५ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बेंगळुरूत सुरू झाली. त्याच वर्षी ती मुंबईत आली. पहिला पत्ता होता पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला. नंतर गेटवेजवळची जुनी यॉट क्लबची इमारत, आणि शेवटी कुलाब्यात समुद्रालगत स्वतःची जागा. बूटलोडर छोटाच असतो, तो मोठा असण्याची गरजही नसते.

विकत घ्यायचं की बनवायचं?

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं. इथून पुढे प्रत्येक वळणावर एकच प्रश्न होता: वस्तू बाहेरून आणायची की इथे बनवायची?

भाभा हट्टाने सगळं स्वदेशी करत बसले नाहीत. पहिल्या अणुभट्टीचंच बघा. अप्सरा, ट्रॉम्बे, ४ ऑगस्ट १९५६. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली अणुभट्टी. तिचं समृद्ध युरेनियम ब्रिटनने दिलं. पण भट्टी बांधली आपल्या इंजिनीअरांनी, आणि कंट्रोल सिस्टीमचं इलेक्ट्रॉनिक्स ए. एस. राव यांच्या टीमने इथेच तयार केलं. इंधन बाहेरचं, हात आपले. १९६० मधल्या सायरस भट्टीला कॅनडाने मदत केली, जड पाणी अमेरिकेने दिलं.

कॉम्प्युटरचंही तसंच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५० च्या दशकात ब्रिटनहून तयार डिजिटल कॉम्प्युटर आणला होता. टीआयएफआरमध्ये मात्र आर. नरसिंहन यांच्या छोट्या टीमने मशीन स्वतः बांधायला घेतलं. १९५६ मध्ये छोटं पायलट मशीन चाललं. पूर्ण मशीन फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. १८ फूट लांबीची स्टीलची रॅक, सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. म्हणजे साधारण १० किलोबाइट. व्हॉट्सअॅपचं एक स्टिकरसुद्धा यात बसेल की नाही शंकाच.

त्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये पहिल्या काही सूचना पॅनेलवरचे स्विच वरखाली करून हाताने भराव्या लागत. त्या सूचना मग कागदी पट्टीवरचा मोठा प्रोग्राम वाचून घेत. बूटस्ट्रॅप हा शब्द यातूनच रुळला: बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलायचं. आज तुमचा डीबगर दोन वायरींवरून जे करतो, ते तेव्हा माणसाचं बोट करायचं.

खरं सांगायचं तर टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आणलाच. मग टिफ्रॅकवरची मेहनत वाया गेली का? मशीन जुनं झालं, पण ते बांधताना जी माणसं तयार झाली ती जुनी झाली नाहीत. भाभांना मुख्यतः तीच हवी होती.

तीन टप्प्यांचं बूट

भाभांची सगळ्यात मोठी कल्पना तर थेट बूटिंगच्या साखळीसारखी आहे. नोव्हेंबर १९५४ मध्ये दिल्लीच्या परिषदेत त्यांनी अणुऊर्जेचा तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. भारतात युरेनियम कमी, थोरियम भरपूर. पण थोरियम स्वतःहून पेट घेत नाही, ते कोऱ्या बोर्डासारखं आहे. म्हणून पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम जाळायचं, त्यातून प्लुटोनियम मिळवायचं. दुसऱ्या टप्प्यात प्लुटोनियम फास्ट ब्रीडर भट्टीत वापरायचं, जी जाळते त्यापेक्षा जास्त इंधन तयार करते आणि थोरियमपासून युरेनियम-२३३ बनवू शकते. तिसऱ्या टप्प्यात थोरियम आणि युरेनियम-२३३ वर देश चालवायचा.

कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या टप्प्याला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागली आणि तिसरा टप्पा अजून लांब आहे. अणुविजेची तेव्हा जाहीर केलेली उद्दिष्टंही गाठता आली नाहीत. भाभांची स्वप्नं मोठी होती, वेळेचे अंदाज मात्र फारच आशावादी होते. ज्याने कधी प्रोजेक्टची डेडलाइन दिली आहे, त्याला हे लगेच कळेल.

२४ जानेवारी १९६६

भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. लग्न केलं नव्हतं. चित्रं काढायची, पाश्चात्त्य संगीत ऐकायचं आणि बांधकामाच्या आड येणारं झाड तोडण्याऐवजी उचलून दुसरीकडे लावायचं, हे त्यांचे शौक. तेरा दिवसांपूर्वीच लालबहादूर शास्त्री ताश्कंदमध्ये गेले होते, आणि इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली ती त्याच दिवशी.

एका माणसावर इतकं उभं असलं की तो गेल्यावर सगळं अडतं. इथे अडलं नाही. भाभांच्या अध्यक्षतेखालच्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी सुरू झाली, आणि तिची धुरा गेली अप्सराच्या कंट्रोलवर काम केलेल्या ए. एस. राव यांच्याकडे. त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं.

केबल काढली तेव्हा

खरी परीक्षा आली १९७४ मध्ये. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली. तिचं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. सायरस शांततेच्या कामासाठी दिली होती, असं म्हणत कॅनडाने सहकार्य थांबवलं. राग समजण्यासारखा होता, यावर आजही वाद होतात. पण परिणाम असा की कॅनडाच्या मदतीने चाललेलं राजस्थानच्या अणुवीज केंद्रातल्या दुसऱ्या भट्टीचं काम अर्ध्यावर राहिलं. म्हणजे कुणीतरी डीबगरची केबलच उपटली.

बोर्ड बंद पडला नाही, हळू झाला. ती भट्टी आपल्या लोकांनी पूर्ण केली आणि १९८१ मध्ये ती चालू झाली. कल्पक्कमची पहिली भट्टी तर आपणच बांधली, १९८३ मध्ये ती सुरू झाली. १९४४ च्या पत्रातली अपेक्षा अशी खरी ठरली: तज्ज्ञ इथेच होते.

आता तुमच्या बोर्डाकडे

बूटलोडर टाकून झाला, स्क्रीनवर व्हेरिफाय झाल्याचा मेसेज आला, की बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. डीबगरच्या वायरी काढा, बोर्ड नुसत्या यूएसबीवर लावा आणि रीसेट बटण पटापट दोनदा दाबा. यूएफ२ प्रकारचा बूटलोडर नीट बसला असेल तर कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह दिसेल, त्यात फाइल टाकली की प्रोग्राम चालू. ड्राइव्ह दिसला नाही, तर डीबगर पुन्हा जोडा आणि परत टाका. त्यात लाज काही नाही, डीबगर त्याच्यासाठीच असतो. पण तो कायमचा जोडून ठेवून बोर्ड चालतोय असं म्हणू नका. केबल काढल्यावर जो उठतो, तोच चालू बोर्ड.