पावसाचा हिशेब मांडणारा क्रांतिकारक : अमिल्कार काब्राल

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पाचशे-सहाशे किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरात केप व्हर्देची दहा बेटे आहेत. नावाचा अर्थ हिरवे भूशिर. पण ते नाव समोरच्या सेनेगलच्या भूशिरावरून आलेले. बेटांवर पाऊस पडतो तो मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, तोही मोजक्या दिवसांत. उंच डोंगरांचे वाऱ्याकडील उतार ढग अडवतात आणि हिरवे राहतात. साल, बोआ व्हिश्ता, मायो ही सखल बेटे मात्र कोरडीच. शेतकरी धूळपेरणी करून मका आणि कडधान्ये जमिनीत टाकतो आणि आभाळाकडे पाहत बसतो. काही वेळा ही प्रतीक्षा एका वर्षाची नसते, अनेक वर्षांची असते.

या बेटांच्या दुष्काळाचे कारण केवळ आभाळात न शोधता जमिनीत आणि राज्यकारभारात शोधणारा माणूस म्हणजे अमिल्कार काब्राल. त्यांचा जन्म 12 सप्टेंबर 1924 रोजी पोर्तुगीज गिनीतील बाफाता येथे झाला. आईवडील मूळचे केप व्हर्देचे. वडील जुव्हेनाल शिक्षक होते. बालपणीच अमिल्कार कुटुंबासह सान्तियागो बेटावर आले आणि पुढे मिंदेलो येथे माध्यमिक शिक्षण घेऊ लागले. याच काळात, 1941 पासून, बेटांवर भीषण दुष्काळ पडला. तो ओसरतो न ओसरतो तोच 1946 नंतर दुसरा आला. 1940 साली सुमारे 1 लाख 81 हजार असलेली लोकसंख्या 1950 पर्यंत दीड लाखाच्या आसपास उतरली. हजारो माणसे अन्नावाचून गेली. कित्येकांनी साओ तोमेच्या कोकोमळ्यांवर मजुरीचा करार पत्करला.

1945 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून काब्राल लिस्बनला गेले. तेथे त्यांनी कृषिशास्त्र निवडले आणि जमिनीची धूप हा आपल्या अभ्यासाचा विषय केला. फेब्रुवारी 1949 मध्ये राजधानी प्राया येथे मोफत जेवणासाठी जमलेल्या भुकेल्यांवर भिंत कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी काब्राल यांनी बेटांवरील पावसाविषयी आणि मातीच्या रक्षणाविषयी लेखन सुरू केले. त्यांचे प्रतिपादन साधे होते. पाऊस अनियमित आहे हे खरे. परंतु उघड्या उतारांवर तो पडतो तेव्हा पाणी मातीसह समुद्रात वाहून जाते. झाडे, बांध आणि उतारांवरील मजगी यांवाचून चांगला पाऊसही वाया जातो. सुटीत मायदेशी आले असता त्यांनी प्राया येथील नभोवाणीवरून हाच विषय मांडण्यास आरंभ केला. शासनाने ती भाषणे बंद केली. पाण्याचा प्रश्न अखेर सत्तेच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो, हा धडा त्यांना असा मिळाला.

1952 मध्ये ते गिनीत सरकारी कृषी अभियंता म्हणून रुजू झाले. तेथील कृषिगणनेसाठी गावोगाव फिरताना त्यांनी शेतकऱ्यांची जमीन, पिके आणि त्यांची स्थिती जवळून पाहिली. हीच ओळख पुढे लढ्याचे बळ ठरली. 1956 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गिनी व केप व्हर्देच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष स्थापन केला. 1963 मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. याच पोर्तुगीज सत्तेखाली गोवाही होता. एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रीय संघटनांची परिषद झाली, तिच्यात आफ्रिकी नेत्यांसोबत गोमंतकीय कार्यकर्तेही सहभागी होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. काब्राल यांना मात्र स्वातंत्र्य पाहता आले नाही. 20 जानेवारी 1973 रोजी कोनाक्री येथे पक्षातीलच विरोधकांनी त्यांची हत्या केली.

5 जुलै 1975 रोजी केप व्हर्दे स्वतंत्र झाले, तेव्हा 1968 पासूनचे अवर्षण संपलेले नव्हते. तिजोरी रिकामी, शेते ओसाड, अशा स्थितीत नव्या शासनाने परदेशातून मदत म्हणून आलेले धान्य फुकट वाटण्याऐवजी विकले आणि त्या पैशातून लोकांना काम दिले. ओहळांवर दगडी बंधारे उभे राहिले, उतारांवर बांध पडले, लक्षावधी झाडे लावली गेली. त्यांत आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून ओळखले जाणारे काटेरी झाडही होते.

पाऊस त्यानंतरही लहरीच राहिला आणि धान्य बाहेरून आणणे चुकले नाही. पण चाळीसच्या दशकातील मृत्यूचे थैमान बेटांवर पुन्हा आले नाही. अवर्षण निसर्गाचे असले तरी उपासमार माणसाची असते, हे काब्राल यांनी विद्यार्थिदशेतच ताडले होते. त्यांच्या पश्चात बेटांनी ते अनुभवाने सिद्ध केले.