मुमताजचा अखेरचा मुक्काम खानदेशात

ताजमहालामुळे मुमताज महलचे नाव आग्र्याशी कायमचे जोडले गेले. मात्र तिचा अखेरचा श्वास खानदेशात, तापीकाठच्या बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात थांबला, याचे स्मरण क्वचितच होते.

१५९३ मध्ये जन्मलेली अर्जुमंद बानू ही आसफखानाची कन्या व नूरजहानची भाची. १६१२ मध्ये शहाजादा खुर्रमशी तिचा विवाह झाला. मोहिमांत आणि बंडाच्या काळातील वणवणीतही तिने पतीची साथ सोडली नाही. १६२८ मध्ये तो शाहजहान म्हणून तख्तावर आला. मुमताजला मात्र हे वैभव जेमतेम सव्वातीन वर्षे लाभले.

खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी १६३० मध्ये बादशहा बऱ्हाणपुरास आला. सोनगीरपासून असीरगडापर्यंतच्या खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची ही राजधानी १६०१ मध्ये मोगलांकडे गेली होती. त्यांच्याच किल्ल्यात शाही परिवार उतरला. बाहेर मुलूख दुष्काळाने होरपळत असताना, १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याला जन्म देऊन मुमताजने प्राण सोडला.

तापीपलीकडील झैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले. डिसेंबरमध्ये पार्थिव आग्र्यास नेण्यात आले आणि बऱ्हाणपूर मागे पडले. आज त्या किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. हमामाच्या छतावरील नक्षीचे रंग मात्र पुसटसे टिकून आहेत. ताजमहालाला मिळणाऱ्या आस्थेचा थोडासा अंश त्यांच्याही वाट्याला यायला हवा.