महासेनानी गौतमीपुत्र सातकर्णी

गुढीपाडवा आला की दारोदारी गुढ्या उभ्या राहतात आणि पंचांगातील शालिवाहन शकाचा आकडा एकाने पुढे सरकतो. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक घडविले, त्यांत प्राण फुंकले व शत्रूचा पाडाव केला, ही कथा महाराष्ट्रात लहानथोरांस ठाऊक आहे. कथा ती कथाच. परंतु ज्या सातवाहन घराण्याभोवती ती गुंफली गेली, त्या घराण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वी एक महापराक्रमी सेनानी खरोखरच होऊन गेला. त्याचे नाव गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या कर्तृत्वाची साक्ष नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत काळ्या कातळावर आजही कोरलेली आहे.

सातवाहनांची राजधानी गोदातीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. येथून निघालेला माल बैलांच्या पाठीवर सह्याद्रीचे घाट उतरून कल्याण व सोपारा या बंदरांत जात असे आणि तेथून गलबतांनी परदेशी पोहोचत असे. या व्यापारावर घराण्याचे वैभव उभे होते. परंतु क्षहरात कुळातील नहपान नावाच्या शक क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले व कोकणकिनारा आपल्या ताब्यात घेतला. भरुच बंदरही त्याच्याच हाती होते. कल्याणला येणारी परकी गलबते पहाऱ्यात भरुचकडे नेली जाऊ लागली, असे त्या काळच्या एका ग्रीक ग्रंथात नमूद आहे. घाट गेले, बंदरे गेली, जकात गेली. राजघराण्याची प्रतिष्ठा धुळीस मिळाली.

अशा पडत्या काळात गौतमीपुत्र गादीवर आला. लढाई जिंकण्यास तयारी लागते व तयारीस धीर लागतो. त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षी नाशिकचा मुलूख त्याच्या हाती आल्याचे कोरीव लेखावरून दिसते. त्याने नहपानाचा पूर्ण पराभव केला व क्षहरातांचे राज्य मुळासकट उपटून काढले. या विजयाचा रोकडा पुरावा १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे सापडला. तेथे नहपानाची चांदीची १३,००० हून अधिक नाणी एकत्र मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. त्याने शत्रूची नाणी आटविली नाहीत की बाद ठरविली नाहीत. त्यांवर आपली मोहोर उठवून ती पुन्हा बाजारात चालू केली. राज्य पालटले, पण लोकांचा व्यवहार अडला नाही.

पुढे शक, यवन व पह्लव या तिन्ही परकी सत्तांचा त्याने मोड केला, असे लेख सांगतो. मूलक, अश्मक, विदर्भ, अपरान्त, अनूप, सौराष्ट्र, आकर व अवंती असे अनेक प्रदेश त्याच्या अमलाखाली असल्याचे त्यात नोंदलेले आहे. विंध्य, सह्य, मलय, महेंद्र या पर्वतांचा स्वामी म्हणून त्याचा गौरव केला आहे, आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचे वर्णन आहे.

परंतु केवळ मुलूख जिंकणे म्हणजे नेतृत्व नव्हे. जिंकलेल्या मुलखातील माणसांना आपलेसे करणे हे त्याहून कठीण. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध भिक्षू राहत असत. नहपानाचा जावई उषवदात याने त्या लेण्यांना सढळ हाताने दाने दिली होती. शत्रूने पोसलेला हा मठ नव्या राजाला मोडता आला असता. त्याने तसे केले नाही. विजयी सैन्याच्या छावणीतूनच त्याने गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा पाठविली. पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने जमीन, जी तोपर्यंत उषवदाताकडे होती, ती भिक्षूंना द्यावी, असा तो हुकूम होता. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप. या शेतात सरकारी माणसाने शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, कोणी त्रास देऊ नये, अशा सवलतीही दिल्या. रीतसर लेख तयार झाला व तो दगडावर कोरला गेला. कार्ल्याच्या लेण्यांतही त्याच वर्षीच्या लेखाने करजक गाव भिक्षूंकडे राहिले. राजा स्वतः ब्राह्मण कुळीचा. तरीही त्याने असा भेद मानला नाही.

याहून बोध घेण्यासारखी गोष्ट पुढे सहा वर्षांनी घडली. काखडी गाव ओस पडले होते. शेत कसले जात नव्हते. दान दप्तरी जमा होते, पण भिक्षूंच्या पात्रात त्यातून दाणा पडत नव्हता. ही हकिकत राजापर्यंत पोहोचली. तेव्हा राज्याच्या २४ व्या वर्षी राजा व राजमाता या दोघांच्या नावे श्यामक नावाच्या अमात्यास नवी आज्ञा गेली. जुने शेत पडीक असल्याने त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन देण्यात यावी, असे ठरले. जुन्या सवलती नव्या जमिनीलाही लागू झाल्या. मोठमोठ्या राज्यांचा कारभार पाहणाऱ्या राजाने एका पडीक शेताची तक्रार ऐकली, आपल्याच हुकुमातील उणीव मान्य केली आणि ती स्वतःच्या जमिनीतून भरून काढली. रणांगणावरील विजयाइतकेच हे कामही मोठे आहे.

कर न्यायानेच घ्यावा, प्रजेचे सुखदुःख ते आपले सुखदुःख मानावे, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची हौस धरू नये, थोरामोठ्यांबरोबर गरिबांचेही संसार वाढवावेत, असा त्याचा स्वभाव लेखात वर्णिला आहे. तो मातेच्या आज्ञेत राहणारा होता, हेही त्यात आवर्जून सांगितले आहे.

हे सारे कोरविले ते त्याची आई गौतमी बलश्री हिने. मुलगा निघून गेला होता. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी या वृद्ध मातेने त्रिरश्मी डोंगरावरील एक सुंदर लेणे भिक्षूंना दान दिले आणि त्याच्या भिंतीवर आपल्या पुत्राचे चरित्र कोरून ठेवले. ज्याने आईचे नाव आपल्या नावाआधी लावले, त्याचे नाव आईनेच अजरामर केले.

गौतमीपुत्राने जिंकलेला उत्तरेकडील बराच मुलूख पुढे पुन्हा शकांकडे गेला. इ. स. १५० च्या जुनागढ येथील लेखात रुद्रदामन त्यांतील अनेक प्रदेश आपले म्हणून सांगतो. राज्यांच्या सीमा अशा बदलत असतात. छावण्या उठल्या, घोडे गेले, तीन समुद्रांपर्यंतची सत्ताही गेली. मात्र पडीक शेताऐवजी चांगले शेत दिल्याची ती नोंद आणि आईने दिलेले ते लेणे आजही जागच्या जागी आहे. दान दिले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. ते पोहोचले की नाही हे पाहणे हेही दात्याचेच काम आहे, हा धडा या सेनानीने आपल्या आचरणाने घालून दिला.

मातृभक्त, प्रजावत्सल व रणधुरंधर अशा या महापुरुषास विनम्र अभिवादन.