गोष्टी सांगणारा शिंपी

मुलांनो, आज मी तुम्हाला आयर्लंडमधल्या एका शिंप्याची ओळख करून देतो. नाव एमन अ बूर्क. जन्म १८६६. गाव कार्ना, गॉलवे परगण्यात, समुद्राकाठी. घरची बोली गेलिक.

१८८० साली गरिबीमुळं सगळं कुटुंब बोटीनं अमेरिकेला गेलं. तिथं आगगाडीच्या अपघातात एमनचा एक पाय गेला. पोरगाच होता हो तेव्हा! पुढे ते मायदेशी परतले. शिवणकाम बसून करता येतं, तेच पत्करलं.

पण त्यांचं नाव झालं ते गोष्टींमुळं. १९३५ साली तिकडच्या सरकारनं लोककथा जमवायला एक मंडळ नेमलं. मंडळाचा माणूस एमनकडे यंत्र घेऊन आला. त्यात मेणाच्या नळीवर आवाज कोरला जाई. १९३८ साली या म्हाताऱ्यानं एका राजपुत्राची गोष्ट सांगितली. सुमारे ३०,००० शब्द, सगळे तोंडपाठ! तुमच्या मराठीच्या पुस्तकात तरी एवढे असतील का? नळी भरली की थांबायचं, दुसरी बसवली की तिथूनच पुढे.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी उद्या लिहीन, परवा लिहीन म्हणत राहिलो. आजी गेली.

एमन १९४२ साली वारले. मंडळाकडे पैसा कमी, म्हणून लिहून झालं की बहुतेक नळ्या तासून पुन्हा वापरत. आवाज भुशासारखा निघून जाई. ती गोष्ट मात्र वहीत उतरली होती. १९८२ साली तिचं पुस्तक निघालं.