मौलाना आझाद : किल्ल्यातील सब्र



मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला, ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री होते आणि २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले, एवढे आपणास ठाऊक असते. परीक्षेपुरते ते पाठही होते. परंतु ज्या काळात या कर्त्या पुरुषाच्या हाती वाट पाहण्यावाचून काहीच उरले नव्हते, त्या काळाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो काळ त्यांनी आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर काढला.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते कलकत्त्याहून मुंबईच्या अधिवेशनास निघाले. पत्नी जुलेखा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत निरोप देण्यास आल्या. तेरा तारखेपर्यंत परत येईन, असे मौलानांनी सांगितले. बेगमसाहेबा खुदा हाफिजखेरीज काही बोलल्या नाहीत. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि नेहरू, पटेल, शंकरराव देव प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात नेण्यात आले. एके काळी चांदबिबीने लढविलेला तोच हा किल्ला. सुटका कधी, हे कोणासच माहीत नव्हते.

तुरुंग त्यांना नवा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात रांचीस स्थानबद्ध असतानाही ते स्वस्थ बसले नव्हते. तेथील मुलांसाठी त्यांनी मदरसा उभा केला. (आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने हे विसरू नये!) किल्ल्यात तर तेवढीही मोकळीक नव्हती. मग त्यांनी काय केले? भल्या पहाटे उठावे, स्वतःच्या हाताने चहा करावा आणि आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहावयास बसावे. हे पत्र टपालात पडणार नाही, हे ठाऊक असूनही! त्या पत्रांत कुठे धर्मचिंतन आहे, कुठे संगीत, तर कुठे खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची हकिकत. आधी त्यांनी चिमण्यांशी लढाई मांडली, मग तह केला, दाणे टाकले. शेवटी त्या हातावर येऊन बसू लागल्या. आमच्या विद्यार्थ्यांनी हा भाग अवश्य मिळवून वाचावा.

१९४३ च्या मार्चमध्ये पत्नीच्या गंभीर दुखण्याची बातमी आली. सरकारला काही कळवावयाचे असल्यास तात्काळ पोहोचवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. नेहरूंनीही विचारून पाहिले. मौलानांनी सरकारकडे काहीही मागण्यास नकार दिला. एखादी माता विचारील, हे कठोर नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. मला एवढेच वाटते की, किल्ल्यातील प्रत्येकाचे घर मागे राहिले होते. अध्यक्षाने स्वतःपुरता दरवाजा उघडून घेतला असता तर बाकीच्यांना काय वाटले असते?

आपले मन दगडाचे होते, असा दावा मौलानांनी केला नाही. जेवणाखाण्याची ठरलेली वेळ त्यांनी मोडली नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही; मात्र या शांतपणात दिखाव्याचाही अंश होता, असे त्यांनी स्वतःच पत्रात कबूल केले. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची चाहूल लागली की छाती धडधडे. ९ एप्रिल रोजी ती बातमी आलीच. किल्ल्याच्या आवारात एक जुनी अनोळखी कबर होती. रोज नजरेस पडणाऱ्या त्या कबरीविषयी त्यांना आता प्रथमच जिव्हाळा वाटू लागला. पुढे काही महिन्यांनी भोपाळची बहीणही गेली.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमधील बांकुडा येथे हलविण्यात आले आणि जूनमध्ये सुटका झाली. शेरवानींना लिहिलेली पत्रे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली व उर्दू वाङ्मयात अमर झाली.

सुटकेनंतर कलकत्त्यात स्वागतास अफाट गर्दी लोटली होती. हावड्याचा पूल ओलांडताना त्यांना दारातला तो निरोप आठवला. घरी जाण्याआधी मोटार कबरस्तानाकडे वळविण्यास त्यांनी सांगितले. मोटार हारांनी भरलेली होती. त्यांतला एक हार त्यांनी जुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातेहा पढला.